वारसांनी बाहेर थांबावे

"हे घे आत्या, सगळं सेट करून आणलंय," म्हणत चारूदादाने जेवणाच्या टेबलावर एक छोटा खोका ठेवला आणि फोटो काढणाऱ्यांना वाट करून द्यावी तसा दोन पावलं मागे सरकला.

फोटो कुणीच काढला नाही. लिलूआत्या कोलंबी सोलत होती. तिने हात न धुताच दोन बोटांनी खोका उचलला, हलवून बघितला आणि खाली ठेवला.

"एवढुसा? यात माझी इस्टेट मावते?"

"इस्टेट यात नसते गं. यात फक्त किल्ली असते. पैसे तिकडे असतात, वर." चारूदादाने हात वर केला.

"पंख्यावर?"

ओट्यापाशी नारळ खवत असलेली वैजूवहिनी हसली. ती चारूदादाची बायको. चारूदादाने तिच्याकडे बघितलं, तशी हसायची थांबली.

लिलूआत्या म्हणजे माझ्या आणि माझ्या चुलतभावाच्या, चारूदादाच्या, वडिलांची थोरली बहीण. रोह्याच्या शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालेली. लग्न केलं नव्हतं, आणि का नाही असं विचारणाऱ्याला ती "तुमचं बघून" असं उत्तर द्यायची. तिला मोडी लिपी घडाघडा वाचता यायची. जमिनीच्या भांडणातले जुने कागद घेऊन तालुकाभरातले लोक तिच्या दारात यायचे आणि ती त्यांना त्यांच्याच पणजोबांची लबाडी मोठ्याने वाचून दाखवायची. कधीतरी प्रागच्या मार्टिन नावाच्या एका संशोधकाने ईमेलवरून तिच्याकडून जुन्या पत्रांचा ढीग वाचून घेतला. मोबदला पाठवताना बँकेचे सोपस्कार त्याच्याच्याने होईनात, म्हणून त्याने परदेशी कंपनीत तिच्या नावाने खातं उघडून त्यात बिटकॉइन टाकले. आत्याला वाटलं, पोराने खेळण्यातले पैसे पाठवून टोपी घातली. तिने त्याला उलट टपाली भरपूर सुनावलं आणि विसरून गेली.

मग वर्षं गेली आणि त्या कंपनीचं पत्र आलं की आम्ही दुकान बंद करतोय, तुमचं जे काही असेल ते अमुक तारखेच्या आत घेऊन जा. आत्याने भोळेपणाने चारूदादाला फोन करून विचारलं, "हे बिटकॉइन म्हणजे किती रे होतात?" चारूदादाने भाव बघितला. त्यानंतर, दोन-दोन वर्षं रोह्याला न फिरकणारा हा माणूस दर रविवारी कल्याणहून गाडी घेऊन येऊ लागला. येताना फळं आणायचा.

मी पनवेलला एका रक्त तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते. मलाही आत्याचा फोन आला होता. मी महिनाभर रात्रंदिवस नव्हे, पण जेवणाच्या सुट्टीत याच विषयावर वाचत होते. आणि म्हणूनच त्या रविवारी माझ्या पिशवीतही एक खोका होता.

"आतलं कार्ड बघू," मी म्हणाले.

चारूदादाने अभिमानाने कार्ड काढलं. छापील होतं. चंदेरी पट्टी खरवडलेली, खाली इंग्रजी शब्दांच्या रांगा. "हे चोवीस शब्द म्हणजे मुख्य किल्ली. यंत्र हरवलं, मोडलं, तरी हे शब्द दुसऱ्या यंत्रात घातले की पैसे परत. ओळखीच्या माणसाकडून घेतलंय, निम्म्या किमतीत. आणि आत्या, कार्ड हरवू नये म्हणून मी फोनमध्ये फोटोही काढून ठेवलाय."

"दादा, शब्द आधीच छापून आलेत?"

"मग! तेवढाच त्रास वाचला."

"अरे, ते शब्द यंत्राने आपल्यासमोर तयार करायचे असतात. कोऱ्या यंत्रातून, पहिल्यांदाच. आधीच छापलेले असतील तर छापणाऱ्याकडे त्याची प्रत आहे. म्हणजे कुलूपवाल्याने आपल्याला किल्ली दिली आणि तीच किल्ली स्वतःच्या खिशात ठेवली. आत्याचे पैसे यात आले की तो तिकडे बसल्या जागी काढून घेणार."

"म्हणजे उष्टं आहे," आत्या म्हणाली.

"उष्टं काय? पॅक खोका आहे!"

"तुझ्या ओळखीच्या माणसाने चाटून पॅक केलाय, चारू. कचऱ्यात टाक. नाहीतर त्यालाच परत दे, आणि त्याच्याशी ओळख आहे असं चारचौघांत सांगू नकोस."

चारूदादा लाल झाला. तो चोर नव्हता, हे मी आजही सांगेन. त्याला फक्त स्वस्तात मिळालेल्या प्रत्येक गोष्टीत स्वतःची हुशारी दिसायची. वैजूवहिनीचं एटीएम कार्डही त्याच्याच पाकिटात असे. ती एका शाळेच्या कचेरीत नोकरी करायची, पगार तिच्या खात्यात जमा व्हायचा आणि कार्ड चारूदादाकडे राहायचं. "तिला त्यातलं कळत नाही," असं तो तिच्यासमोर सांगायचा आणि ती भाजी वाढायची.

मी माझा खोका काढला. बनवणाऱ्या कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून मागवलेला. नुसत्या वेष्टनावर भरवसा नको म्हणून सुरू करून दाखवला. पेनड्राइव्हएवढं यंत्र, दोन बटणं, नखाएवढा पडदा. ते कोरं होतं. "नवीन म्हणून सुरू करायचं की जुने शब्द घालायचे?" एवढंच विचारत होतं.

"आता ऐक आत्या. आधी पिन ठरव. जन्मसाल नको."

"माझं जन्मसाल शाळेत एक आहे, पत्रिकेत दुसरं. मलाच नक्की माहीत नाही."

"मग यंत्र एकेक शब्द दाखवेल. कागदावर लिहायचा. फोटो काढायचा नाही, संगणकात टाइप करायचा नाही, फोनवर कुणाला सांगायचा नाही. कुणीही, अगदी कुणीही विचारलं तरी दाखवायचा नाही."

"कुणीही?"

"कुणीही."

आत्याने हात धुतले, पदराला पुसले आणि दाराकडे बोट केलं. "मग बाहेर व्हा दोघंही."

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. "मी पण?"

"तूच म्हणालीस ना आत्ता?"

"अगं, पण मी शिकवतेय तुला!"

"शिकवलंस ना. छान शिकवलंस. आता जा. नखाएवढ्या पडद्यावरची अक्षरं मला दिसायची नाहीत. वैजू राहील वाचायला."

चारूदादाचा चेहरा उजळला. बायको आत म्हणजे अर्धे आपण आत, असा हिशोब त्याच्या कपाळावर उमटलेला मला दिसला. वैजूवहिनी खवणी बाजूला ठेवून आत्याच्या मागे आतल्या खोलीत गेली. दार लागलं. कडीही लागली.

आम्ही दोघं व्हरांड्यात प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसलो. माझा जीव जळत होता. खोका माझा, अभ्यास माझा, आणि मला या माणसाच्या रांगेत बसवलं होतं.

"म्हातारी डोक्याने हललीय," चारूदादा हळूच म्हणाला. "दिवाळीनंतर कल्याणला न्यायचीच आहे. घराला गिऱ्हाईक तयार आहे. हे एकदा झालं की कागदावर सही घेतो."

"तिला विचारलंस?"

"सांगितलंय. नाही म्हणाली नाही."

तेवढ्यात खिडकीतून वैजूवहिनीचा खणखणीत आवाज आला. शाळेच्या कचेरीतल्या बाईने विद्यार्थ्यांची नावं पुकारावीत तसा. "पहिला, ऑर्चर्ड. ऑर्चर्ड म्हणजे फळबाग."

"अर्थ नको सांगूस गं."

"दुसरा, टोमॅटो. तिसरा, विंटर..."

मी चारूदादाकडे बघितलं. त्याने डोळे मिटले होते, ओठ हलत होते, आणि अंगठा बोटांच्या पेरांवरून पुढे सरकत होता.

बागेला पाणी घालायची पत्र्याची बादली पायाशी होती. मी ती उचलून खांबावर दणादण आपटली. "थांबा! पुसा ते सगळं! इथे ऐकू येतंय!"

खिडकीत आत्याचं डोकं आलं. "ऐकतंय कोण?"

"चारूदादा पाठ करतोय!"

"मी?" चारूदादाने डोळे उघडले. "मी देवाचं म्हणत होतो."

"तुझ्या देवाला टोमॅटो कधीपासून लागायला लागला?" आत्या म्हणाली.

"हे बघ आत्या," तो उभाच राहिला. त्याला खरंच लागलं होतं. "मी इतक्या लांबून दर रविवारी येतो. पेट्रोल माझं, वेळ माझा. आणि तू दार लावून घेतेस. आम्ही काय चोर आहोत का?"

आत्याने गजांतून आमच्याकडे बघितलं. मस्करी नव्हती तिच्या चेहऱ्यावर, ती सापडली असती तर मला बरं वाटलं असतं.

"चोर असतात तर चाललं असतं रे. चोराला ठाऊक असतं आपण चोर आहोत. तुम्ही वारस आहात."

तिने 'तुम्ही' म्हटलं. तिने दोघांनाही म्हटलं. खिडकी लावली.

आम्ही बसलो. रस्त्यावरून मासेवाली ओरडत गेली, तिलाही आम्ही नाही म्हटलं नाही की हो म्हटलं नाही.

आत नव्याने सुरुवात झाली असावी, कारण आता कुजबुजसुद्धा ऐकू येत नव्हती. मग आत्याने दार किलकिलं करून विचारलं, "लिहून झालं. आता पैसे मागवू?"

"नाही! आधी यंत्र पुसायचं. मुद्दाम तीनदा चुकीचा पिन टाक, ते आपोआप सगळं विसरेल. मग तुझ्या कागदावरून शब्द परत घाल. ते जमलं तरच पैसे मागवायचे."

"आत्ता केलं ते मोडायचं?"

"रिकामं आहे तोवरच मोडून बघायचं."

"काय बाई, लग्नाच्या बाबतीत हे कुणी सुचवलं नाही," असं म्हणत तिने दार लावलं.

आणि ते जमलं नाही. आतून आधी खाकरण्याचे, मग चिडण्याचे आवाज आले. शेवटी आत्या बाहेर आली. "हर्षे, तुझं यंत्र बिघडलंय. शब्द चुकीचे म्हणतं. मी कधी शब्द चुकीचा लिहिलाय आयुष्यात?"

"लिहिलेस कसे?"

"मोडीत." तिने कागद छातीशी धरला होता. "म्हणजे चोराच्या बापालाही वाचता यायचे नाहीत. वारसांना तर त्याहून नाहीत. तुला लहानपणी शिकवत होते तेव्हा तू पळून जायचीस."

खोलीतून वैजूवहिनी म्हणाली, "आत्या, हा 'पुल' आहे की 'पूल'?"

"कुठला?"

"म्हणजे ओढायचा की पोहायचा? मी ओढायचा वाचला होता. तुम्ही आत्ता पोहायचा सांगितलात. यंत्राच्या शब्दांच्या यादीत दोन्ही आहेत."

आत्याने कागद छातीपासून दूर धरला. बराच वेळ बघत राहिली. मोडीत ऱ्हस्व आणि दीर्घ उकार वेगळा लिहीत नाहीत. वाचणाऱ्याने संदर्भावरून ओळखायचा. आणि अशा चोवीस शब्दांना कसलाच संदर्भ नसतो. फळबागेनंतर टोमॅटो का आणि टोमॅटोनंतर थंडी का, हे विचारायची सोय नसते.

"या लिपीत राज्यं चालली," ती म्हणाली. "लढाया झाल्या, तह झाले, कुणाचं काही अडलं नाही. आणि आज एका पुलावरून पडले."

"पैसे आधी आले असते आणि यंत्र मोडलं असतं, तर?" मी विचारलं.

ती खुर्चीवर टेकली. तिने कागदाची घडी घातली, उलगडली आणि परत घातली. तोपर्यंत हा तिच्यासाठी आम्हाला नाचवायचा खेळ होता. त्या क्षणी पहिल्यांदा तिला भीती वाटली. मला माहीत नव्हतं तिला या पैशांचं काय करायचंय. पण ते तिला हवे होते, फार हवे होते, हे मला त्या हातांवरून कळलं.

वैजूवहिनी बाहेर आली, तिने आत्याच्या हातातून तो कागद घेतला आणि ओट्यापाशी जाऊन गॅसवर धरून जाळला. "'पुल' सगळ्यांनी ऐकलाय. हा संच बाद. चला, नवे शब्द काढू. या वेळी ठळक इंग्रजीत लिहू, एकेक अक्षर सुटं. आणि मी वाचणार नाही, पडदा डोळ्यांपुढे धरेन, भिंग आहे ना तुमच्याकडे?"

इतकं एका दमात बोलताना मी तिला कधी ऐकलं नव्हतं. चारूदादानेही नव्हतं. तो म्हणाला, "वैजू, तू नको फार पुढे पुढे..." आणि दार लागलं.

या वेळी पुसणं, परत घालणं, सगळं झालं. आतून दोघींचा एकत्र "जमलं!" असा ओरडा ऐकू आला. मग दार सताड उघडलं. कंपनीकडून आधी चिल्लर रक्कम मागवायची, ती पोचली की उरलेली, एवढं मी सांगितलं. पैसे जिथे यायचे त्या पत्त्याचं लांबलचक अक्षरांचं शेपूट संगणकावर आणि यंत्रावर सारखंच आहे का, हे आत्याने भिंग लावून अक्षर अन् अक्षर लावून बघितलं. त्यात ती वाकबगार होती. चिल्लर यायला वेळ लागत होता, तेवढ्यात आम्ही जेवलो. कोलंबीचं खडखडलं अप्रतिम झालं होतं, पण चारूदादाने दुसऱ्यांदा घेतलं नाही. हात धुवेपर्यंत चिल्लर पोचली होती. मग आत्याने बटण दाबून बाकीचे मागवले, आणि तेही आले.

चारूदादाने लगेच बॅगेतून घराचे कागद काढले. "आता ही एवढी सही कर आत्या."

"कशाची?"

"घराची. ठरलंय ना आपलं? तू कल्याणला येणार."

"मी कुठेही येत नाही."

"मागच्या महिन्यात तू काहीच बोलली नाहीस!"

"मागच्या महिन्यात माझ्याकडे बोलण्याइतके पैसे नव्हते." तिने बडीशेप तोंडात टाकली. "इथेच राहणार. वरकामाला बाई ठेवणार, छप्पर नीट करून घेणार. तुझ्या त्या मागच्या खोलीत, कपाट आणि इस्त्रीचं मेज यांच्यामध्ये, मला पडून राहायचं नाही. वैजूला माझं करावं लागलं असतं, ते वेगळंच. तिला विचारलं होतंस का?"

चारूदादाने वहिनीकडे बघितलं. वहिनी ताटं गोळा करत होती.

संध्याकाळी मला पनवेलला सोडायचं म्हणून मी त्यांच्याच गाडीत मागे बसले. वडखळ आलं. मग चारूदादाने गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं आणि अगदी गोड आवाजात म्हणाला, "हं. सांग."

"काय?"

"शब्द."

"कुठले?"

"वैजू, चेष्टा नको. तू समोर होतीस. तिला उद्या काही झालं तर ते पैसे कुणालाच मिळायचे नाहीत. मी स्वतःसाठी विचारत नाहीये."

"मी विसरले."

"सगळे?"

"लक्षात ठेव असं कुणी सांगितलं नव्हतं. धरून ठेव म्हणाल्या, धरून ठेवलं."

"तू माझी बायको आहेस की तिची?"

वैजूवहिनीने खिडकीची काच खाली केली. बाहेर भज्यांचा वास होता. ती शांतपणे म्हणाली, "गाडी सुरू करा. हर्षदाला उशीर होतोय. आणि हो, माझं कार्ड द्या पाकिटातलं. उद्यापासून मीच वापरेन."

मागे बसून मी श्वाससुद्धा बेताने घेत होते. चारूदादाने आधी तिच्याकडे बघितलं, मग आरशात माझ्याकडे बघितलं. माझ्यासमोर नाही म्हणणं त्याला जमलं नाही, की तिला नाही म्हणणं जमलं नाही, ते मला आजही ठाऊक नाही. त्याने पाकीट काढलं.

आत्या त्यानंतर बरीच वर्षं रोह्यातच राहिली. छप्पर झालं, बाई आली. तिने थोडे थोडे बिटकॉइन मोडून व्हरांड्यात मोडीचा वर्ग काढला. फी घ्यायची नाही, उलट येणाऱ्याला दरमहा पैसे द्यायची. "फुकट शिकवलं तर कोण येतं? हर्षी पळून जायची," असं ती नव्या मुलांना माझ्यादेखत सांगायची. एकदा तर प्रागला जाऊन आली आणि मार्टिनच्या बायकोला खडखडलं करायला शिकवून आली. वैजूवहिनी महिन्यातून एकदा एसटीने तिच्याकडे जायची. एकटी.

दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात आत्या झोपेतच गेली. दहाव्याला पान ठेवताक्षणी कावळा आला, तेव्हा चारूदादा वैतागून म्हणाला, "हिची काहीसुद्धा इच्छा राहिली नाही?" त्याने घर पालथं घातलं. यंत्र सापडलं, शब्द सापडले नाहीत. पिन तीनदा टाकून बघितला, आणि यंत्र सगळं विसरलं.

बरेच पैसे अजून शिल्लक आहेत. त्या पत्त्यावर किती आहेत ते जगात कुणालाही बघता येतं, हात लावता येत नाही. चारूदादा रोज सकाळी बघतो. जायच्या आधी आत्या भेटेल त्याला एकच सांगत होती, "माझ्यामागे काय करायचं ते वैजूला सांगितलंय." काय सांगितलंय, ते वैजूवहिनी बोलत नाही. विचारलं तर म्हणते, "बघू, वेळ आली की."

मागच्या महिन्यात मी कल्याणला गेले होते. सकाळी उठले तर चारूदादा ओट्यापाशी उभा राहून चहा करत होता. आलं किसून, वेलची घालून. वहिनी पेपर वाचत बसली होती. त्याने कप तिच्यासमोर ठेवला आणि साखर बरोबर आहे का असं विचारलं. आता तो रोजच करतो म्हणे.

तो अंघोळीला गेल्यावर मी खुर्ची जवळ ओढली. "वहिनी, खरं सांग. तुला माहीत आहेत का शब्द?"

तिने पेपर खाली घेतला आणि माझ्याकडे इतकं प्रेमाने बघितलं की मला पुढचं विचारवेना.

"तुला काय वाटतं?" ती म्हणाली.

मला काय वाटतं ते मी सांगितलं नाही. पनवेलला परतल्यावर मी तिला देवगडच्या आंब्यांची पेटी पाठवली. दर वर्षीच पाठवते हल्ली. मोठी पेटी. प्रेमाने.